एनिड ब्लायटन

ब्लायटन, एनिड मेरी : (११ ऑगस्ट १८९७ – २८ नोव्हेंबर १९६८). इंग्रजी बालसाहित्यिक. ‘फेमस फाइव्ह’, ‘सीक्रेट सेव्हन’, ‘नॉडी’, ‘मॅलरी टॉवर्स’ या पुस्तकमालांच्या लेखिका. सातशेहून अधिक पुस्तके आणि हजारो सुट्या कथा-कविता त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्या पुस्तकांचा एकूण खप ६० कोटी प्रतींच्या घरात सांगितला जातो. युनेस्कोच्या अनुवादसूचीत सर्वाधिक भाषांतरे झालेल्या लेखकांमध्ये अगाथा क्रिस्टी, ज्यूल व्हर्न आणि शेक्सपिअर यांच्या पाठोपाठ त्यांचे नाव येते. इतके लिहून, इतके वाचले जाऊनही ज्यांच्या साहित्यिक योग्यतेवर अजून वाद घातला जातो अशी दुसरी बाललेखिका सापडणे कठीण.

त्यांचा जन्म लंडनच्या ईस्ट डलिच भागात झाला. कुटुंब लवकरच केंट परगण्यातील बेकनम येथे राहायला गेले. वडील थॉमस केरी ब्लायटन सुऱ्या-काट्यांच्या व्यापारात होते, पण त्यांचा खरा ओढा पुस्तके, संगीत, चित्रकला आणि निसर्ग यांकडे. एनिड काही महिन्यांची असताना डांग्या खोकल्याने मरणाच्या दारात होती. रात्रभर तिला छातीशी धरून वडील बसून राहिले आणि ती वाचली. पुढे बाप-लेक रानवाटांनी तासन् तास भटकत. कोणता पक्षी काय बोलतो, कोणते फूल कधी उमलते हे तिला वडिलांनी शिकवले. आईला, थेरेसा यांना, मुलीने घरकामात लक्ष घालावे असे वाटे. एनिडला त्यात रस नव्हता.

तेराव्या वर्षी हे जग मोडले. वडील दुसऱ्या एका स्त्रीसाठी घर सोडून गेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांत बभ्रा होऊ नये म्हणून आईने मुलांना बजावले की कुणी विचारले तर ‘बाबा बाहेरगावी गेले आहेत’ एवढेच सांगायचे. मुलीने ते सांगितले, आणि खोलीचे दार आतून लावून घेऊन ती लिहू लागली. ब्लायटन यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाकडे जाण्याची वाट या बंद दारातून जाते असे प्रस्तुत नोंदलेखकाला वाटते. नको असलेली गोष्ट घडलीच नाही असे समजून पुढे चालायचे ही सवय त्यांना इथे लागली. तिनेच त्यांना लेखिका केले आणि जवळच्या माणसांना दुखावलेही.

मुलीने पियानोवादक व्हावे अशी घरची इच्छा होती. ती बाजूला सारून त्यांनी १९१६ मध्ये इप्सविच येथे फ्रोबेल पद्धतीच्या शिक्षिकेचे प्रशिक्षण सुरू केले. फ्रोबेल हे बालवाडीचे जनक. मूल खेळातून आणि निसर्गातून शिकते ही त्यांची शिकवण ब्लायटन यांच्यात पक्की रुजली. वर्षभर शाळेत शिकवल्यावर सर्बिटन येथे एका कुटुंबातील चार भावांना शिकवण्याची नोकरी त्यांनी धरली. आसपासची मुलेही तिथे येऊ लागली आणि घरातच एक छोटी शाळा उभी राहिली. लिहिलेली गोष्ट लगेच मुलांना वाचून दाखवायची आणि कुठे ती कान टवकारतात, कुठे चुळबुळ करतात ते पाहायचे, असा त्यांचा चार वर्षांचा रियाज झाला. ‘चाइल्ड व्हिस्पर्स’ हा कवितांचा छोटा संग्रह १९२२ मध्ये निघाला. तेच त्यांचे पहिले पुस्तक.

१९२४ मध्ये ह्यू पोलॉक यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पोलॉक जॉर्ज न्यून्स या प्रकाशनसंस्थेत संपादक होते. या काळात ‘टीचर्स वर्ल्ड’ या शिक्षकांच्या साप्ताहिकात ब्लायटन यांचा स्तंभ चालू होता आणि १९२६ पासून त्या ‘सनी स्टोरीज’ हे मुलांचे नियतकालिक सांभाळू लागल्या. ‘टीचर्स वर्ल्ड’मध्ये त्यांचा कुत्रा बॉब्ज याची पत्रेही छापून येत. आज बागेत काय उकरले, कोणत्या मांजराच्या मागे धावलो, असा त्यातला मजकूर. वर्गावर्गांत ही पत्रे वाचली जात. १९३५ मध्ये बॉब्ज मेला. पत्रे मात्र येतच राहिली. मुलांना तो गेल्याचे कधी कळवले गेले नाही.

त्यांच्या कादंबऱ्यांचा बहर १९३७ नंतरचा. ‘सनी स्टोरीज’मधून क्रमशः आलेली उडत्या खुर्चीची गोष्ट, बेटावर पळून जाऊन स्वतःचे घर थाटणाऱ्या मुलांची ‘द सीक्रेट आयलंड’ (१९३८), ज्याच्या शेंड्यावर दर वेळी नवा देश येऊन थांबतो अशा झाडाची ‘द एन्चांटेड वूड’ (१९३९) आणि ‘सेंट क्लेअर्स’ या मुलींच्या वसतिशाळेच्या कथा (१९४१ पासून) अशी एकामागून एक पुस्तके आली. महायुद्धात कागदाची टंचाई झाली, तेव्हाही त्यांचे लेखन अडले नाही, कारण वीसहून अधिक प्रकाशकांकडे त्यांची पुस्तके विभागलेली होती.

‘फेमस फाइव्ह’चे पहिले पुस्तक १९४२ मध्ये आले. ज्युलियन, डिक, अ‍ॅन, त्यांची चुलत बहीण जॉर्ज आणि तिचा कुत्रा टिमी अशी ही पंचकडी. सुट्टी लागते, आईवडील काही कारणाने दूर असतात, आणि सायकली, तंबू, भुयारे, ओसाड किल्ले, चोरटा माल यांच्या नादात मुले मोठ्यांच्या नजरेबाहेर जातात. मुळात सहाच पुस्तकांचा बेत होता, पण मुलांच्या पत्रांनी तो हाणून पाडला. १९६३ पर्यंत २१ पुस्तके झाली. या पुस्तकांत खाण्याची वर्णने फार आहेत. हॅम, उकडलेली अंडी, ताजा पाव, जॅम, फळांचे केक, आले घातलेले सरबत. हे वाचणाऱ्या पहिल्या पिढीच्या घरी शिधापत्रिकेवर मोजून लोणी-साखर मिळत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ती पाने मुले पुन्हा पुन्हा का वाचत ते कळते. ब्रिटनमधले रेशनिंग पूर्ण उठायला १९५४ साल उजाडले. ‘लॅशिंग्ज ऑफ जिंजर बिअर’ (म्हणजे हे आल्याचे सरबत भरपूर) हा त्यांच्या नावाला चिकटलेला वाक्प्रयोग मात्र या मालिकेत कुठेही नाही. तो १९८२ च्या एका दूरचित्रवाणी विडंबनातून रूढ झाला.

जॉर्ज ही ब्लायटन यांची सर्वांत जिवंत निर्मिती म्हणावी लागेल. तिचे नाव जॉर्जिना, पण त्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नाही. केस कापलेले, होडी वल्हवण्यात मुलांच्या वरचढ, रागीट, खोटे न बोलणारी, एकटी. ही आपलीच प्रतिमा असल्याचे ब्लायटन यांनी पुढे मान्य केले. तिच्या शेजारी अ‍ॅन गुहेतसुद्धा कपबशा धुऊन मांडून ठेवते, म्हणून स्त्रीवादी समीक्षकांनी या मालिकेला धारेवर धरले, आणि ते रास्तच होते. पण मुलगी म्हणून जे करायचे नाही असे सांगितले जाते तेच करायला निघालेली जॉर्ज कित्येक मुलींना याच पुस्तकांनी दिली, हेही तितकेच खरे.

नॉडीचा जन्म चित्रांतून झाला. १९४९ मध्ये प्रकाशकाने हार्मसेन व्हान डेर बेक या डच चित्रकाराशी त्यांची गाठ घालून दिली. त्याची खेळण्यांची चित्रे पाहून त्या घरी गेल्या आणि चार दिवसांत पहिल्या दोन पुस्तकांचा मजकूर त्यांनी पाठवून दिला. मान सतत डोलावणारा, घंटीच्या टोपीचा हा लाकडी बाहुला, त्याचा वयस्क मित्र बिग इअर्स आणि पोलीस मिस्टर प्लॉड यांची २४ पुस्तके झाली. व्हान डेर बेक १९५३ मध्ये वारला, पण त्याने घालून दिलेली चित्रशैली इतर चित्रकारांनी पुढे चालवली.

एवढे लेखन एका हाताने होते कसे, असा प्रश्न त्या काळीही पडत होताच. दुसऱ्यांकडून लिहून घेतात अशी अफवा उठली. दक्षिण आफ्रिकेतील एका ग्रंथपाल बाईने ती पसरवल्याचे कळताच ब्लायटन यांनी कायदेशीर कारवाई केली आणि १९५५ मध्ये भर न्यायालयात माफी मागायला लावली. त्यांची रीत साधी होती. न्याहारीनंतर छोटा टंकलेखक मांडीवर घ्यायचा, लाल मोरोक्कन शाल जवळ ठेवायची आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी सोडून संध्याकाळी पाचपर्यंत लिहायचे. दिवसाला सहा ते दहा हजार शब्द होत. फेमस फाइव्हचे एक पुस्तक आठवड्यात हातावेगळे होई. १९५३ पासून त्यांनी पीटर मकेलर या मानसशास्त्रज्ञाला लिहिलेली पत्रे याबाबत मोलाची आहेत. त्यांनी सांगितले ते असे : त्या डोळे मिटून मन रिकामे करतात आणि वाट पाहतात. मग पात्रे समोर उभी राहतात, चालूबोलू लागतात, आणि खासगी चित्रपटगृहात बसल्यासारखे त्या ते पाहून टंकतात. पुढे काय घडणार ते त्यांनाही ठाऊक नसते. एखाद्या पात्राने विनोद केला तर त्यांना हसू फुटते, कारण तो त्यांना स्वतः सुचलाच नसता.

हे वर्णन प्रामाणिक मानले तर त्यांच्या लेखनाचे गुण आणि दोष एकाच उगमातून आलेले दिसतात. वाक्य अडखळत नाही, प्रसंग रेंगाळत नाही, मूल पान उलटत राहते. आणि त्याच वेगात मनाच्या तळाशी पडलेले वर्गाचे, वंशाचे, देशाचे पूर्वग्रहही तपासले न जाता कागदावर उतरतात. चोर परदेशी तोंडवळ्याचा, जिप्सी संशयित, नोकरमाणसे विनोदी. ‘द लिटल ब्लॅक डॉल’ या कथेतला बाहुला चेहऱ्याच्या काळ्या रंगामुळे सगळ्यांना नकोसा असतो. पावसात तो रंग धुऊन निघतो, चेहरा गुलाबी होतो आणि मग त्याचे स्वागत होते. १९६६ मध्ये ‘गार्डियन’मध्ये लीना जेगर यांनी या कथेवर कडाडून टीका केली. गोऱ्या रंगाचे वेड ज्या समाजात लग्नाच्या जाहिरातींपर्यंत पोचले आहे, तिथल्या वाचकाला ही गोष्ट किती विषारी आहे हे समजावून सांगावे लागू नये. आणि ‘तेव्हा काळच तसा होता’ हा बचाव पुरत नाही. १९६० मध्ये, म्हणजे त्यांच्या हयातीतच, मॅकमिलन या प्रकाशकाने परकीयद्वेषाची छटा दिसते म्हणून त्यांचे एक हस्तलिखित परत केले होते. ते पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रकाशकाने छापले. नॉडीच्या पुस्तकांतले काळ्या चेहऱ्याचे गॉलिवॉग बाहुले १९८० च्या दशकात काढून तिथे गॉब्लिन (परीकथांतले खोडकर बुटके) घालण्यात आले.

शिष्टांचा दुसरा आक्षेप भाषेवर होता. तेच ते शब्द, तीच ती कथानके, म्हणून अनेक ग्रंथालयांनी त्यांची पुस्तके घेणे थांबवले. बीबीसीने १९३० च्या दशकापासून १९५० च्या दशकापर्यंत त्यांचे साहित्य नभोवाणीवर येऊ दिले नाही. त्याची अंतर्गत टिपणे २००९ मध्ये खुली झाली. बारा वर्षांवरच्या टीकाकाराचे मत आपण मनावर घेत नाही, असे ब्लायटन म्हणत. मुलांच्या पत्रांना त्या स्वहस्ते उत्तरे देत. वाचकांच्या मागणीवरून निघालेल्या फेमस फाइव्ह क्लबसारख्या मंडळांतून आजारी, अंध मुलांसाठी आणि प्राण्यांच्या दवाखान्यांसाठी मोठा निधी जमला.

घरचे चित्र इतके उजळ नव्हते. पोलॉक यांच्याशी घटस्फोट झाल्यावर १९४३ मध्ये त्यांनी केनेथ डॅरेल वॉटर्स या शल्यचिकित्सकाशी लग्न केले. पोलॉक यांना आपल्या दोन मुलींना, जिलियन आणि इमोजन यांना, पुन्हा भेटू दिले गेले नाही. ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ (१९५२) या मुलांसाठी लिहिलेल्या आत्मकथनात पहिल्या पतीचा उल्लेखही नाही. आईने एकदा ‘बाबा बाहेरगावी गेले आहेत’ म्हणायला लावले होते. लेकीने तर बाबांना गोष्टीतूनच काढून टाकले. धाकट्या इमोजन यांनी १९८९ च्या आठवणींत आई अहंमन्य, असुरक्षित आणि मातृत्वाचा लवलेश नसलेली होती असे लिहिले. थोरल्या जिलियन यांना मात्र ती न्यायी आणि प्रेमळ आठवत होती. दोघींनी एकाच घरातले सांगितले आहे आणि दोघींपैकी कुणालाही खोटे ठरवण्याचे कारण नाही.

१९५० च्या दशकाअखेरीस त्यांची स्मृती ढळू लागली. ज्या मनाला रिकामे करून त्या गोष्टींची वाट पाहत, ते हळूहळू खरोखरच रिकामे होत गेले. शेवटच्या काळात बालपणीच्या घरी, आईवडिलांकडे, परत जायचे आहे असे त्या म्हणत. १९६७ मध्ये डॅरेल वॉटर्स गेले. पुढच्या वर्षी हॅम्पस्टेडमधील शुश्रूषागृहात ब्लायटन यांचे झोपेत निधन झाले.

भारतात इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून त्यांची पुस्तके घरोघरी पोचली. मुंबई-पुण्याच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत फेमस फाइव्हचे जीर्ण पेपरबॅक ही हमखास दिसणारी गोष्ट होती. स्कोन म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या मुलांनी ते चवीने वाचले आहे. मराठीतून वाचणाऱ्या मुलांना सुट्टीतल्या साहसाची तीच ओढ भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने लावली, आणि त्याचे साहस तर फुरसुंगीच्या, पुण्याच्या ओळखीच्या मातीतले.

२०१० मध्ये फेमस फाइव्हची भाषा आजच्या मुलांसाठी सोपी करण्यात आली. वाचकांनी ती स्वीकारली नाही आणि २०१६ मध्ये प्रकाशकाने जुना पाठ परत आणला. टंकलिखितांचा मोठा संग्रह न्यूकॅसल येथील ‘सेव्हन स्टोरीज’ या बालसाहित्य केंद्रात आहे. बीकन्सफील्डमधील ज्या घरात त्यांनी ही बहुतेक पुस्तके लिहिली, त्याचे ‘ग्रीन हेजेस’ हे नाव ‘सनी स्टोरीज’च्या बालवाचकांनी सुचवले होते. ते घर १९७३ मध्ये पाडले. तिथे आता ब्लायटन क्लोज नावाची छोटी वसाहत आहे, आणि ग्रीन हेजेसची प्रतिकृती जवळच्या बेकन्स्कॉट या खेळण्यातल्या गावात उभी आहे.