गाणं घरीच राहिलं, पेन ड्राइव्ह तेवढा आला

(आमच्याकडून पडदा, प्रोजेक्टर आणि साउंड भाड्याने नेणाऱ्यांसाठी)

लग्न असो, शाळेचं गॅदरिंग असो की निवृत्तीचा कार्यक्रम, हॉलवर एक प्रश्न ठरलेला: "भाऊ, आवाज काबर नही ई राहिना?" आणि सगळ्या माना साउंडवाल्याकडे वळतात. माइक खणखणीत चालू असतो, तरी दोष आमचाच. म्हणून हे पत्रक आता बुकिंगच्या पावतीला जोडून देतो.

बहुतेक वेळा गाणं पीपीटीच्या, म्हणजे फोटो-स्लाइड्सच्या पॉवरपॉइंट फाइलच्या, आत नसतंच. ते घरच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड्समध्ये पडलेलं असतं, फाइलमध्ये नुसता त्याचा पत्ता असतो. घरी पत्ता सापडतो, गाणं वाजतं. आमच्या लॅपटॉपवर तो पत्ताच नाही. स्लाइडवर स्पीकरचं चित्र दिसतं, कितीही दाबा, मुकं.

मागे भुसावळकडच्या एका निवृत्ती समारंभात आईच्या आवाजातलं कानबाई देवीचं गाणं वाजायचं होतं. पीपीटी पुण्यातल्या मुलाने केलेली. फोटो एकामागून एक सरकले, सभागृह चिडीचूप. फोन करून गाणं मागवलं, पण ते येईपर्यंत निम्मी पंगत बट्टी चुरायला बसली होती.

ओळखायचं कसं? फाइलचं वजन बघा. चार मिनिटांचं एमपी-थ्री गाणं १२८ केबीपीएसचं (साध्या दर्जाचं) असेल तर जवळपास ४ एमबी भरतं. गाण्यासकट पीपीटी २ एमबीची दिसत असेल, तर गाणं आत नाही, एवढं नक्की. अजून खात्री हवी तर पीपीटीएक्स फाइलची (नावाच्या शेवटी .pptx असतं ती) एक कॉपी करा, .pptx च्या जागी .zip लावा आणि उघडा. आत ppt नावाचा फोल्डर, त्यात media नावाचा फोल्डर. गाणं तिथे दिसलं पाहिजे.

पॉवरपॉइंट २०१० पासून गाणं आपोआप आत बसतं, फक्त टाकताना "लिंक टू फाइल" निवडू नका. २००७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत मात्र फक्त छोट्या वेव्ह फाइल आत जायच्या, एमपी-थ्री कायम बाहेरच. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर केलेली फाइल असेल तर नव्या आवृत्तीत उघडून पीपीटीएक्स म्हणून सेव्ह करा आणि गाणं पुन्हा टाका. गूगल स्लाइड्सवर केलं असेल तर गाणं इंटरनेटवर, गूगल ड्राइव्हमध्ये असतं. हॉलमध्ये नेट मिळेलच असं नाही, ते वेगळं उतरवून आणा. व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्ड केलेला आवाज ओपस प्रकारचा असतो, पॉवरपॉइंटला तो चालत नाही. त्याचं एमपी-थ्री आम्ही दोन मिनिटांत करून देतो, पैसे घेत नाही.

स्वतःचा लॅपटॉप आणणाऱ्यांसाठी: एचडीएमआय वायर लावली की आवाज प्रोजेक्टरच्या इवल्याशा स्पीकरकडे पळतो. खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर जाऊन लॅपटॉपचं आउटपुट निवडा, मग आमच्या मिक्सरची वायर लावा. 'हूं' असा घुमणारा आवाज आला तर आधी चार्जर काढून बघा, पुष्कळदा तिथेच थांबतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी फाइल मागतो म्हणून काहींना राग येतो. "पाच मिनिटांचं काम, उद्या बघू" म्हणतात. उद्या आमचा माणूस शिडीवर असतो, हार-तुरे चालू असतात आणि निवेदक आमच्याकडे डोळे वटारून बघतो. तुमची फाइल आमच्याच लॅपटॉपवर एकदा शेवटपर्यंत चालवून बघितल्याशिवाय आम्ही 'झालं' म्हणत नाही. चाळीसगाव, चोपडा, शिरपूर, कुठूनही असाल, फाइल मेलवर पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून. गाणं मात्र सोबत वेगळंही जोडा.

साउंड, पडदा आणि लॅपटॉपसकट ऑपरेटर एकत्र घेतलात तर ही सगळी तपासणी भाड्यातच आली. पीपीटीचा गाण्यासकट व्हिडिओ हवा असेल तर तेही करून देतो, त्याचे पैसे वेगळे, पण तो टीव्हीलाही थेट लागतो.

आणि पेन ड्राइव्हवर नाव लिहा. आमच्या ड्रॉवरमध्ये विसरलेल्यांचा एक डबा भरलाय.