गाल की जबडा: ‘चीक’ या शब्दाची पार्श्वभूमी

एका गालावर कोणी मारलं तर दुसरा पुढे करावा, हे बायबलातलं येशूचं वचन आपल्याकडेही घरोघरी माहीत आहे. १३८०च्या दशकात लॅटिन बायबल इंग्रजीत आणणाऱ्यांनी इथे ‘चीक’ हा शब्द घातला, जो आजच्या इंग्रजीत गालासाठी वापरतात. त्याच भाषांतरात बायबलातला बलदंड वीर सॅमसन गाढवाच्या ज्या हाडाने हजार माणसं लोळवतो, त्या हाडालाही ‘चीक’च म्हटलं आहे. त्याच काळातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या कँटरबरी कथांत तर नुसतं ‘गाढवाची चीक’ एवढंच येतं आणि त्या काळच्या वाचकाला ते बरोबर कळत असे.

याला भाषांतरकारांची ढिलाई म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांच्यासमोरच्या लॅटिन पाठात दोन्ही ठिकाणी ‘मॅक्सिला’ हाच शब्द आहे. सॅमसनच्या गोष्टीत तर ‘मॅक्सिला, म्हणजे मँडिब्युला (खालचा जबडा)’ असा खुलासा लॅटिन पाठातच जोडलेला आहे आणि भाषांतरकारांनी तोही इमानाने ‘चीक, म्हणजे खालच्या चीकचं हाड’ असा उतरवला. त्याच्याही मागे गेलं तर या गोष्टीच्या मूळ हिब्रूतला ‘लेही’ गाल आणि जबडा दोन्ही दाखवतो. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. कानशील म्हणजे डोळा आणि कान यांमधली जागा, पण ‘कानशिलात लगावली’ म्हटलं की हात बसतो तो गालावर. संस्कृतात कपाल ही कवटी. मराठीत कपाळ म्हणजे फक्त भाळ.

जुन्या इंग्रजीत मात्र चीकचं मूळ रूप बहुतेक हाडाकडेच झुकलेलं होतं. ८व्या शतकातल्या एका लॅटिन स्तोत्रसंग्रहात ९व्या शतकात ओळींच्या मधे बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ लिहिले गेले. घोड्या-खेचरांना लगाम घालून आवळण्याची ओळ येते तिथे ‘चेकान’ लिहिलं आहे, आणि लगाम बसतो तो जबड्यात. मऊ गालासाठी वेगळे शब्द होते: ‘वँग’ आणि ‘हलेओर’. म्हणूनच इसवी सन १०००च्या आसपासच्या इंग्रजी शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, उजव्या गालाला ‘वेंगे’ म्हटलं आहे, चीक नाही. त्यानंतरच्या चार शतकांत वँग मागे पडला, हलेओरही विरत गेला आणि चीक हाडावरून वर सरकून मांसावर येऊन बसली.

जबड्याची जागा मग कोणी घेतली? इथे कोशकारांत आजही एकमत नाही. ‘जॉ’ हा शब्द १४व्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. एक पक्ष त्याचा उगम फ्रेंच ‘जू’मध्ये, म्हणजे गालात, शोधतो. दुसरा पक्ष त्याला ‘चघळणे’ या अर्थाच्या देशी क्रियापदाशी जोडतो. माझा कल एकाच मुळाचा हट्ट न धरण्याकडे आहे: उच्चार जवळ, अर्थ जवळ, जागाही शेजारची, तेव्हा दोन्ही एकमेकांत मिसळले असणं अगदी शक्य आहे. ‘जाऊल’चं तसंच झालं. जबडा आणि गळा यांचे दोन निराळे जुने शब्द त्यात एकत्र आले, आणि आज तो मुख्यतः हनुवटीखाली लोंबणाऱ्या मांसासाठी वापरतात.

या सगळ्याचं खापर १०६६च्या नॉर्मन विजयावर, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्यावर, फोडलं जातं. पण त्यांच्या फ्रेंचने आणलं ते मोजकं: चेहऱ्यासाठी ‘फेस’, आणि कानशिलासाठी ‘टेम्पल’, ज्याचा देवळाच्या टेम्पलशी अर्थाने काही संबंध नाही. कानशिलाला आधी ‘थुनवँग’ म्हणत, म्हणजे जवळपास ‘पातळ गाल’. डोळा, कान, नाक, तोंड, ओठ, दात, जीभ, हनुवटी हे सगळे शब्द जागचे हलले नाहीत. नाकपुडीचा ‘नॉस्ट्रिल’ सुद्धा जुना ‘नाकाचं भोक’ असा साधा जोडशब्दच आहे. खरी उलथापालथ गाल-जबड्यापुरती होती आणि तीही बरीचशी घरातल्या घरात झाली.

१३व्या शतकात इंग्लंडमधल्या एका सरदाराने एका बाईंसाठी, त्यांच्या मुलांना फ्रेंच यावं म्हणून, पद्यात शब्दसंग्रह रचला. त्यात शरीराचे अवयव सुरुवातीलाच येतात आणि ओळींच्या मधे इंग्रजी अर्थ दिलेले आहेत. फ्रेंचमध्ये ओठ, ससा, पौंड आणि पुस्तक हे शब्द जवळजवळ सारखे ऐकू येतात, म्हणून तो ते चारही शेजारी मांडून भेद शिकवतो. गाल आणि जबडा यांचा भेद इंग्रजीत कोणी असा मांडून शिकवला असता तर पुढचं बरंच कोडं उरलं नसतं.

१६११च्या इंग्रजी बायबल-भाषांतरात वाटण्या झाल्या: सॅमसनला ‘जॉबोन’, थप्पड खाणाऱ्याला ‘चीक’. त्या वाटणीत एक गोष्ट मात्र निसटली. तहानलेल्या सॅमसनसाठी लॅटिन पाठात गाढवाच्या दाढेतून पाणी फुटतं. कँटरबरी कथांत त्या दाढेला ‘वँग-टूथ’ म्हटलं आहे, गालातला दात. १६११मध्ये दाढ जाऊन जबड्यातली नुसती पोकळ जागा आली. पुढे उत्तर इंग्लंडच्या बोलींनी दाढेसाठी ‘वँग-टूथ’ जपून ठेवला, गालाचा वँग प्रमाण भाषेतून केव्हाच गेला असतानाही.