व्हिक्टरी जहाजाचा पिवळा रंग नेमका कुठला? लाकडी जहाजांच्या मॉडेलिंगची पार्श्वभूमी

इजिप्तच्या थडग्यांत चार हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी होड्या सापडल्यात, युरोपात चर्चच्या छताला नवसाची जहाजं टांगायचे, ते सगळं आहेच, पण आपण टेबलावर जे करतो त्याचं मूळ मला तरी 17व्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात दिसतं. तिथे आरमाराच्या कारभाऱ्यांसाठी 1:48 ची मॉडेल्स बनायची, पाव इंचाला एक फूट. हलचा (जहाजाच्या मुख्य अंगाचा) खालचा भाग प्लँकिंग न करता, म्हणजे वरून फळ्या न बसवता, उघडा ठेवायचे, म्हणजे आतल्या फ्रेम्स, जहाजाच्या बरगड्या, दिसतात. पण त्या फ्रेम्स खऱ्या जहाजातल्यासारख्या नसायच्याच, मॉडेलपुरती एक वेगळी रचना ठरून गेली होती. खऱ्याशी किती इमान राखायचं हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

नंतर नेपोलियनच्या काळातले फ्रेंच कैदी आले. इंग्लंडच्या तुरुंगात जेवणातून उरलेल्या हाडांची जहाजं कोरून ते बाहेर विकायचे. बघत राहावं असं काम, पण स्केल बहुतेकदा अंदाजपंचे. घरी बसून छंद म्हणून करणं खरं वाढलं ते 1920 नंतर अमेरिकेत, मासिकांत प्लॅन्स छापून यायला लागले तेव्हा. त्या काळातल्या किट्समध्ये हल म्हणजे लाकडाचा ठोकळाच असायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि स्पेनमधून बल्कहेडवर (हलला आकार देणाऱ्या आडव्या पाट्यांवर) लाकडी पट्ट्या चिकटवायच्या किट्स आल्या आणि चित्रच बदललं. त्यांचे प्लॅन्स मात्र बऱ्याचदा ढोबळ असायचे, एकाच साच्यातल्या तोफा आणि पुल्या चार वेगवेगळ्या जहाजांच्या डब्यात, आणि तळाला लावायच्या कॉपर प्लेट्सवरचे खिळे स्केलला लावून बघितले तर खऱ्यात बशीएवढे होतील!

मॉडेलवाल्यांचं सगळ्यात लाडकं जहाज म्हणजे ब्रिटिश आरमाराची युद्धनौका व्हिक्टरी. इथेच खरा गुंता आहे. 1765 ला पाण्यात उतरलेलं हे जहाज 1805 च्या ट्रॅफल्गारच्या समुद्री लढाईला गेलं तेव्हा ते वेगळं दिसत होतं, कारण मधल्या मोठ्या दुरुस्तीत मागच्या उघड्या गॅलऱ्या बंद झाल्या होत्या आणि नाळेवरचा भरगच्च पुतळा जाऊन साधा आला होता. पुढे 19व्या शतकात तर ते काळं-पांढरं होतं. 1922 ला पोर्ट्समथच्या ड्रायडॉकमध्ये (पाणी काढून टाकलेल्या गोदीत) कायमचं आणलं आणि 1928 पर्यंत ट्रॅफल्गारचं रूप परत दिलं. आपल्या जुन्या प्लॅन्सपैकी बरेच त्या दुरुस्तीवर उभे आहेत, म्हणजे आपण 1805 समजून करतो ते बऱ्याच अंशी 1920 च्या दशकातल्या लोकांचं 1805 आहे.

त्यांनी ठरवलेला रंग म्हणजे तो गडद मोहरीसारखा पिवळा. काळ्या पट्ट्यांमधून पिवळे पट्टे, त्यावर तोफांच्या खिडक्यांची काळी झाकणं. डब्यांवर तोच, पोस्टरवर तोच, पिढ्यान् पिढ्या तोच. मग रंगाच्या थरांचे नमुने काढून ते मायक्रोस्कोपखाली बघितले गेले आणि 2015 मध्ये अख्खं जहाज नव्याने रंगवलं, फिकट, जरा गुलाबीकडे झुकणाऱ्या रंगात. मॉडेलवाल्यांत खळबळ. काहींचं म्हणणं, जहाजावर मूळ लाकूडच थोडं उरलंय मग 1805 चा थर कुठला हे कशावरून? काही म्हणाले तो रंगाचा खालचा हात, म्हणजे अस्तर असेल, वरचा नाही. काहींनी स्केलचा मुद्दा काढला, की खरा रंग जसाच्या तसा छोट्या मॉडेलला लावला तर गडद वाटतो, त्यामुळे फिकट करावाच लागतो, मग भांडण कशाचं. आणि ज्यांची मॉडेल्स मोहरी रंगात पूर्ण झालेली त्यांना दहा वर्षांचं काम चुकीचं ठरवलं गेल्यासारखं वाटलं, तेही समजू शकतं. तरी मला वाटतं प्रत्यक्ष थर तपासून निघालेला रंग हा सवयीच्या रंगापेक्षा जास्त विश्वासाचा, आणि आत्ता नव्याने सुरू करणाऱ्याने तोच लावावा. मोहरीच्या बाजूने सवयीपलीकडचा पुरावा मी तरी बघितलेला नाही. बाजूचा एंट्री पोर्ट, म्हणजे जहाजात शिरायचं दार, 1805 ला होता की नाही हा वाद तर अजून चालूच आहे, किट्समध्ये मात्र तो सर्रास असतो.

याच्या उलट आपल्या मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली हे ब्रिटिश आरमाराचं जहाज. इंग्लंडात ओक लाकडाची टंचाई म्हणून सागवानात बांधायला मुंबईला दिलेलं, 1817 ला पाण्यात उतरलं. त्याचे पहिले प्लॅन्स वाटेतच गेले, 1812 च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ ते आणणाऱ्या जहाजाला कॉन्स्टिट्यूशन या अमेरिकन युद्धनौकेने संपवलं (तेच कॉन्स्टिट्यूशन ज्याची किट सगळीकडे मिळते), मग दुसरी प्रत पाठवली. आज ते हार्टलपूलला आहे आणि सागवानामुळे मूळ हल बराचसा टिकलाय. तरी मॉडेल करायला व्हिक्टरीच्या मानाने फार कमी लोक घेतात, हे मराठी माणूस म्हणून मनाला लागतं.

व्हिक्टरीवर 2022 पासून दहाएक वर्षांची दुरुस्ती चालू आहे. बुरशी आणि किड्यांनी खाल्लेल्या बाहेरच्या फळ्या काढून नवा ओक बसवतायत. फळ्या निघाल्यावर आतल्या खऱ्या फ्रेम्स उघड्या पडतात, आणि त्यांचे फोटो बघून काही जणांनी आपल्या 1:48 च्या फ्रेम्स परत आखायला घेतल्यात.