गवत पचवण्याच्या दोन तऱ्हा

घोड्याची लीद फोडून पाहिली तर तिच्यात गवताच्या काड्यांचे तुकडे सहज ओळखू येतात. गाईचे शेण मात्र तोच चारा खाऊनही अंगण सारवण्याइतके मऊ असते. हा फरक चाऱ्यामुळे पडत नाही. चारा पोटात नेमका कुठे आंबतो, यावर तो अवलंबून असतो.

गवताचा आणि कडब्याचा मोठा भाग सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज ही स्टार्चप्रमाणेच ग्लुकोजच्या रेणूंची साखळी आहे. पण तिच्यातील जोडण्या अशा प्रकारच्या असतात, की त्या तोडणारे विकर (एन्झाइम) गाय, घोडा, हत्ती किंवा माणूस यांपैकी कोणाचेच शरीर तयार करीत नाही. ते काम पचनमार्गात वस्तीला असलेले सूक्ष्मजीव करतात. त्यांना उबदार, ओली आणि प्राणवायू नसलेली जागा लागते आणि मुख्य म्हणजे पुरेसा वेळ लागतो. तंतू आंबताना तयार होणारी ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ले रक्तात शोषली जातात आणि जनावर त्यांच्यावरच जगते.

गाईच्या शरीरात ही जागा खऱ्या पोटाच्या अलीकडे आहे. तिच्या पोटाचा पहिला कप्पा, म्हणजे कोठीपोट, शंभर लिटरहून अधिक मावेल एवढे मोठे असते. त्याला लागून असलेल्या जाळीपोटातून पुढच्या पडदेपोटाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेने बारीक झालेले कणच पुढे सरकतात आणि जाडाभरडा चारा रवंथीसाठी पुन्हा तोंडात येतो. शेणात काड्या सापडत नाहीत त्या यामुळे. शिवाय कोठीपोटात वाढलेले जिवाणू पुढे खऱ्या पोटात आणि लहान आतड्यात जाऊन स्वतःच पचतात. गाय गवत खाते आणि जिवाणू पचवते, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. आपल्याकडचे पानखाऊ लंगूरही रवंथ न करता पुढच्या पोटातच पाने आंबवतात. जिवाणूंची भित्तिका फोडणारे लायसोझाइम हे प्रथिन लंगूर आणि गाय या दोघांच्याही पोटात आम्लात टिकेल असे बदललेले आहे आणि त्यातले काही बदल दोघांत स्वतंत्रपणे, पण अगदी सारखे घडले आहेत.

घोड्यात हा क्रम उलटा आहे. त्याचे जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचे असते. साखर, स्टार्च आणि प्रथिने लहान आतड्यातच शोषली जातात. उरलेले तंतू एका टोकाला बंद असलेल्या, सुमारे मीटरभर लांबीच्या अंधनालेत आणि तिथून अवाढव्य मोठ्या आतड्यात आंबतात. रवंथीची सोय नसल्यामुळे जे काही चावायचे ते पहिल्याच घासाला. मोठ्या आतड्यात वाढलेल्या जिवाणूंची प्रथिने शोषून घेणारे लहान आतडे तर मागेच राहिलेले असते, त्यामुळे ती बहुतांशी लिदीबरोबर वाया जातात. सशाचीही अडचण हीच. तो अंधनालेतून आलेल्या मऊ लेंड्या पुन्हा खाऊन ती सोडवतो.

एवढ्यावरून घोड्याची पद्धत कमअस्सल ठरवण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. चारा निकृष्ट झाला की गाईची अडचण होते, कारण तो बारीक होईपर्यंत कोठीपोट भरलेलेच राहते आणि तिला आणखी खाता येत नाही. घोडा कमी पचवतो, पण चारा लवकर पुढे ढकलून अधिक खातो. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशात घोड्याच्याच कुळातले झेब्रे उंच, जरड गवत आधी खातात आणि रवंथ करणारे वाइल्डबीस्ट त्यांच्यामागून येतात, ते याच जोरावर.

घोड्याला जपावे लागते ते मोठ्या आतड्यासाठी. ओटीपोटाजवळ हे आतडे उलटे वळते आणि तिथेच एकदम अरुंद होते. पाणी कमी पडले किंवा दात झिजून चारा नीट चावला गेला नाही, तर तो तिथे तुंबतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटीही करता येत नाही. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, एकदम जास्त दिली तर लहान आतड्यात न मावलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन झपाट्याने आंबतो, आम्लता वाढून तंतू पचवणारे जिवाणू मरतात आणि पोटदुखीबरोबर खुरांच्या आतही दाह सुरू होऊ शकतो. म्हणूनच चंदी दिवसभरात थोडी थोडी विभागून द्यावी लागते आणि चारा बदलायचा झाल्यास जिवाणूंना जुळवून घेता यावे म्हणून तो आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा लागतो.