माहीमची नोव्हेना

माहीमची नोव्हेना म्हणजे मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी होणारी मरियामातेची, म्हणजे येशूच्या आईची प्रार्थना. मुंबईकर पूर्ण नाव वगैरे घेत बसत नाहीत, 'बुधवारी माहीमला जायचंय' एवढं बोललं की समोरच्याला कळतं, आणि घरात काहीतरी टेन्शन चालू आहे हेही बहुतेक वेळा कळतंच. ऑपरेशन ठरलंय, पोराला जॉब नाही, लग्न जमत नाही, व्हिसा अडकलाय, नवऱ्याची दारू सुटत नाही, असलं काही ना काही घेऊन माणसं येतात, आणि त्यात ख्रिश्चन नसलेलेही ढिगाने असतात.

नोव्हेना हा शब्द लॅटिन, नोव्हेम म्हणजे नऊ, आपल्या नऊचाच लांबचा भाऊ. एकाच मागणीसाठी सलग नऊ दिवस नाहीतर नऊ आठवडे प्रार्थना करायची. नऊच का, तर येशू स्वर्गात गेल्यावर त्याचे शिष्य आणि मरिया यरुशलेममध्ये माडीवरच्या खोलीत प्रार्थना करत थांबले होते, पवित्र आत्मा उतरेपर्यंत, ते दिवस नऊ धरतात. आणि शिष्य तरी कोण, तर येशूला क्रुसावर दिल्यानंतर भीतीने दारं लावून बसलेली हीच मंडळी, त्या बंद खोलीत येशू येऊन उभा राहिला तेव्हा पहिलं वाक्य 'तुम्हांस शांती असो' हेच होतं. या प्रार्थनेच्या मुळाशीच घाबरलेली माणसं आहेत, हे विसरलं की बुधवारची गर्दी नुसती अंधश्रद्धा वाटायला लागते.

चर्च जुनं आहे, पोर्तुगीजांच्या काळातलं, १५३४ सालचं सांगतात, आत्ताची इमारत मात्र १९७३ची. १७३९ला मराठ्यांच्या स्वारीत वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमधली मरियेची मूर्ती इथेच आणून ठेवली होती आणि ती १७६१मध्ये परत गेली असं सांगितलं जातं, म्हणजे भीतीच्या वेळी माहीम गाठायचं ही सवय नोव्हेनापेक्षाही जुनी! नोव्हेना सुरू झाली ८ सप्टेंबर १९४८ला, बुधवारच होता, आणि मरियेचा जन्मदिवसही. फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस त्या वर्षी बेलफास्टला गेले होते, तिथे या प्रार्थनेला हजारो लोक येताना त्यांनी पाहिले आणि येताना मातेचं चित्र घेऊन आले.

सगळी गोष्ट त्या चित्रात आहे. मूळ चित्र लाकडावर रंगवलेलं, बायझंटाईन म्हणजे जुन्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पद्धतीचं, रोममध्ये आहे, १८६६ला पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टरिस्ट या धर्मगुरूंच्या संघाच्या ताब्यात दिलं. निरंतर साहाय्य करणारी माता असं तिचं नाव. बाळ येशू आईच्या कडेवर, वर दोन बाजूंना मायकल आणि गॅब्रिएल हे देवदूत, एकाकडे भाला आणि स्पंज, दुसऱ्याकडे क्रूस आणि खिळे, म्हणजे पुढे येशूला क्रुसावर देतानाच्या वस्तू. पोराने मान वळवून ते बघितलंय, दोन्ही हातांनी आईचा हात धरलाय, आणि एका पायातली चप्पल सुटून नुसत्या पट्ट्यावर लोंबकळतेय, कारण पोर धावत आईकडे आलंय असा अर्थ लावतात. आई त्याच्याकडे बघत नाही, ती आपल्याकडे बघते. क्रूस चित्रातून कुठेही जात नाही, पुढे तो खरंच वाट्याला येतो, फक्त आत्ता हात धरलेला आहे. ख्रिस्ती माणूस शांती म्हणतो ती ही, संकट टळलं अशी नव्हे.

सोळा सोमवार माहीत असलेल्या घराला नऊ बुधवार समजवावे लागत नाहीत, पण हा नवस नाही असं चर्च सांगतं. मरियेची पूजा नाही, तिने मुलाकडे आपल्यासाठी शब्द टाकावा एवढीच विनंती. बाहेर मात्र मेणाची घरं, बाळं, हात, पाय विकायला असतात, ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं ते तो घेऊन वाहतो, आणि तिथे नवस कुठला आणि विनंती कुठली ते फादर काहीही सांगोत, कळत नाही.

प्रार्थना दिवसभर, वेगवेगळ्या भाषांत, मराठीतही. गाणी, प्रार्थना, प्रवचन हे तर आहेच, पण खरी जान पत्रांत. लोक आपली मागणी कागदावर लिहून पेटीत टाकतात, आभाराचीही पत्रं लिहितात, आणि त्यातली काही नाव न घेता मोठ्याने वाचली जातात. कोणाची तरी किडनी, कोणाचं तरी घर, कोणाचा तरी बेपत्ता मुलगा, आणि शेजारी उभी अनोळखी बाई त्यासाठी हात जोडून. आपली काळजी रांगेतली एक होते, माझ्या मते अर्धी शांती इथेच मिळते.

सगळ्या मराठी ख्रिस्ती लोकांत हे नाही. नगर-जालन्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळीत मरियेकडे मागणं नाही, तिथे कठीण वेळी २३वं स्तोत्र, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, नाहीतर १८९५ला बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांची भजनं, पेटी-तबल्यावर.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये चर्च बंद, तेव्हा लोकांनी मोबाईलवर नोव्हेना लावून घरीच मेणबत्ती पेटवली. नऊ बुधवार संपले की मोकळं असा नियम आहे, पण काम होवो न होवो, दहाव्या बुधवारीही येणारे पुष्कळ आहेत.