खचदरीखालचा गोठलेला शिलारस

मार्च २०१८मध्ये केनियात माई माहिउजवळचा रस्ता फाटला आणि ‘आफ्रिका दुभंगली’ अशा बातम्या जगभर झळकल्या. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते ती भेग पावसाने उघडी पाडली. इथल्या खचदरीच्या, म्हणजे जमीन ताणली जाऊन मधला पट्टा खचल्याने झालेल्या लांब दरीच्या, तळाशी ज्वालामुखीच्या राखेचे भुसभुशीत थर आहेत. मुसळधार पावसाचं पाणी त्यांच्या आतून वाट काढत गेलं, पोकळी झाली आणि छत कोसळलं. आफ्रिका फाटते आहे हे खरंच आहे, पण वर्षाला काही मिलिमीटर. खाली काय चाललंय हे कळायला फोटो उपयोगाचा नाही, तिथे गुरुत्वाकर्षण मोजावं लागतं.

ग्रॅव्हिमीटरमध्ये स्प्रिंगला एक छोटं वजन टांगलेलं असतं. खाली जड खडक असेल तर स्प्रिंग किंचित जास्त ताणली जाते. पृथ्वीचं एकूण गुरुत्व सुमारे ९,८०,००० मिलिगॅल (मिलिगॅल हे गुरुत्व मोजण्याचं एकक), आणि चांगलं यंत्र ०.०१ मिलिगॅलचा फरक ओळखतं. आकडा काही मिनिटांत मिळतो, खरी मेहनत पुढच्या आकडेमोडीत असते. एक मीटर वर गेलं की गुरुत्व ०.३०९ मिलिगॅलने घटतं. पायाखाली वाढलेला खडक त्यातलं ०.११२ परत देतो. म्हणजे उंचीत पाच मीटरची चूक झाली की एक मिलिगॅल गेला. जुन्या सर्वेक्षणांत उंची वायुदाबावरून काढत. विषुववृत्ताजवळ दुपारी दाब रोजच उतरतो. दोन मिलिबार उतरला की ठिकाण कागदावर वीसेक मीटर वर सरकतं, म्हणजे चार मिलिगॅलचा घोटाळा. म्हणून तळावर दुसरा बॅरोमीटर ठेवावाच लागे. स्प्रिंगही हळूहळू सैलावते, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी मूळ ठिकाणी येऊन पुन्हा वाचन घ्यायचं. चंद्रसूर्यांच्या ओढीचे ०.३ मिलिगॅलपर्यंतचे चढउतार वेगळे वजा करायचे. आणि दरीच्या उंच कड्याच्या ओढीसाठी आकड्यात करायची दुरुस्ती विसरलात, तर कड्याच्या पायथ्याशी गुरुत्व खोटंच कमी दिसतं, म्हणजे नेमकं तिथेच, जिथे दरीची कड शोधायची आहे!

एवढं सगळं काढून टाकल्यावर केनियात अपेक्षेपेक्षा दीडशे-दोनशे मिलिगॅलची रुंद तूट उरते. ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड बुलार्ड यांनी १९३०च्या दशकात लंबक घेऊन पूर्व आफ्रिकेत मोजणी केली आणि १९३६मध्ये निष्कर्ष मांडला की दोन्ही बाजूंच्या दाबामुळे मधला भाग खाली ढकलला गेला. मोजमाप चोख होतं, अर्थ मात्र उलटा निघाला. आज ही दरी ताणामुळे झाली हे सर्वमान्य आहे. एकाच आकड्याला अनेक खडकरचना जुळतात, ही या पद्धतीची मूळ अडचण.

तरी हिशेबाने बरंच गाळता येतं. घनतेत ०.१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरचा फरक असलेला एक किलोमीटर जाडीचा विस्तीर्ण थर ४.२ मिलिगॅल देतो. दरीतल्या राखेची आणि गाळाची घनता २.२ धरली, तर २.६७च्या खडकाच्या तुलनेत दर किलोमीटरला वीस मिलिगॅल कमी होतात. पण हा भराव दरीपुरताच, आणि तूट तर शेकडो किलोमीटर पसरलेली. म्हणजे कारण खोल आहे. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकांचा जाड थर, दोनशे अंशांनी तापलं की घनता ०.०२ने उतरते. असा शंभर किलोमीटरचा थर एकट्याने चौऱ्याऐंशी मिलिगॅलची तूट देतो.

आता सगळ्यात सुंदर भाग. या रुंद खळग्याच्या मधोमध, दरीच्या अक्षावर, गुरुत्वाचा काही दहा मिलिगॅलचा अरुंद उंचवटा असतो. शिलारस म्हणजे हलका, असं आपल्या मनात असतं, आणि द्रव बेसाल्टची घनता खरोखर २.७च्या आसपास, जवळपास भोवतीच्या कवचाइतकीच असते. तो ग्रॅव्हिमीटरला फारसा दिसत नाही. तोच कवचात गोठला की घनता २.९ ते ३.० होते आणि पाच किलोमीटरच्या थरामागे चाळीसेक मिलिगॅल वाढतात. म्हणजे उंचवटा दाखवतो तो कवचात शिरून थिजलेला जुना शिलारस. असा उंचवटा दाखवून ‘आता स्फोट होणार’ सांगणारे व्हिडिओ फिरतात, त्यांत काही तथ्य नाही. लेहच्या मॅग्नेटिक हिलवर गाडी चढावर ओढली जाते म्हणणाऱ्यांनीही हे गणित पाहावं: केनियातली ही प्रचंड तूटसुद्धा एकूण गुरुत्वाच्या दहा हजारांत जेमतेम दोन भाग आहे. लेहला चढ दिसतो तो डोळ्यांचा भ्रम.

सुरुवातीच्या प्रारूपांत हा थिजलेला शिलारस प्रावरणापर्यंत सलग पाचरीसारखा काढत. १९८५ ते १९९४च्या भूकंपलहरींच्या प्रयोगांनी ती पाचर खोडली. नैवाशा सरोवराखाली कवच सुमारे पस्तीस किलोमीटर, उत्तरेला तुर्काना भागात वीस. थिजलेला शिलारस कवचातच विखुरलेला निघाला. इथिओपियात तर असे उंचवटे अलीकडच्या ज्वालामुखींच्या रांगांखाली तुकड्यातुकड्यांनी मिळतात.

मुंबईच्या किनाऱ्यावरही गुरुत्वाचा असाच ठळक उंचवटा आहे आणि त्याचाही अर्थ खोलवर थिजलेला जड शिलारस असाच लावतात. इथे एक सावधगिरी लागते. सह्याद्रीत पायाखालचाच खडक बेसाल्ट आहे. सवयीने घनता २.६७ धरली आणि खडक प्रत्यक्षात २.८५चा असला, तर हजार मीटर उंच घाटमाथ्यावर साडेसात मिलिगॅलचा खोटा उंचवटा उगवतो.