पिवळी पडलेली सीट घासून का निघत नाही?

“त्या कमोडवरून उठताना चिमटा बसतो गं,” असं आई म्हणाली, तेव्हा मी पहिल्यांदा सीट उचलून तिची खालची बाजू नीट पाहिली. डावीकडे केसाएवढी चीर होती. वजन पडलं की ती उघडायची, उठताना मिटायची आणि कातडी तिच्यात सापडायची. गुडघे दुखणाऱ्या बाईला उठताना आधीच दोन्ही हातांचा जोर लावावा लागतो. त्यात हे तिने किती दिवस सोसलं, कोण जाणे.

वर्षभर मी त्याच सीटवर घासणी चालवत होते. ती पिवळी पडली होती आणि मला तो मळ वाटत होता.

स्वस्त सीट (दुकानात तिला ‘सीट कव्हर’च म्हणतात) बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. या प्लास्टिकचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. त्यांत एकाआड एक कार्बनला चिकटलेला हायड्रोजन जरा सैल असतो. झरोक्यातून येणारं ऊन आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे घाव घालतात आणि साखळी तुटते. अशा पुष्कळ साखळ्या तुटल्या की लवचीक प्लास्टिक कडक, ठिसूळ होतं. हे लांबावं म्हणून कारखान्यात त्यात ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं मिसळतात. ती स्वतः खर्ची पडून प्लास्टिकला वाचवतात, पण खर्ची पडताना त्यांतली काही पिवळी होतात. हा पिवळेपणा प्लास्टिकच्या आतला असतो, मग तो घासून कसा निघणार? उलट घासणीचे ओरखडे उठतात आणि त्यांत खरा मळ बसतो.

ब्लीच ओतूनही उपयोग नाही, कारण ब्लीच स्वतःच ऑक्सिडीकरण करतं. आणि ब्लीच व आम्लाचं टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि दार बंद असलेल्या लहान संडासात तो जिवावर बेतू शकतो.

चिरेचं कारण मात्र वेगळं निघालं. सीटच्या खाली चार रबरी बुटं असतात. आमच्या सीटचं डावीकडचं एक बूट केव्हा गळून पडलं, कळलंच नाही. त्या जागी सीट अधांतरी राहिली आणि दर वेळी बसताना वाकत गेली. वाकताना खालचा पृष्ठभाग ताणला जातो. एकदा बारीक चीर पडली की सगळा ताण तिच्या टोकाशी एकवटतो, म्हणून ती पुढे पुढे सरकत जाते. पन्नास पैशांच्या नाण्याएवढ्या रबरी तुकड्याकडे वेळेवर लक्ष गेलं असतं तर सीट आणखी टिकली असती.

नवी आणताना तीन मापं घ्या: मागच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर, भोकांपासून भांड्याच्या पुढच्या काठापर्यंतची लांबी आणि सर्वांत जास्त रुंदी. दुकानात दोन जाती दिसतील. हलकी ती पॉलिप्रॉपिलीनची. हातात जड लागते आणि नखाने टिचकी मारली की चिनी मातीसारखी खणखणते ती युरिया फॉर्मल्डिहाइडची, म्हणजे कुकरच्या मुठीच्या बॅकेलाइटची चुलतबहीण. ती उष्णतेने वितळत नाही आणि तिच्यावर ओरखडे कमी उठतात, पण आम्लाने तिची चकाकी जाते. फुटलेला तुकडा पाण्यात टाकला तर पहिली तरंगते, दुसरी बुडते. मी आईसाठी जड, हळू मिटणारी घेतली. तिच्या बिजागरीत दाट वंगण भरलेलं असतं. झाकण जितक्या वेगाने खाली येऊ पाहतं, तितका त्या वंगणाचा विरोध वाढतो. घाईने हाताने दाबलं तर बिजागरी बिघडते, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

खरी झटापट झाली जुने बोल्ट काढताना. टॉयलेट क्लीनरमधल्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा लोखंडाला खातात. स्टेनलेस स्टीललाही त्यांच्यातलं क्लोराइड सोडत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे नट आट्यांत जाम बसतो. पाना लावला की नट आणि बोल्ट दोन्ही एकत्र फिरायचे. शेवटी भांड्यावर चिकटपट्टी लावली, म्हणजे ओरखडा नको, आणि हॅक्सॉ ब्लेडने बोल्ट कापले. एकूण पाऊण तास गेला, त्यातली चाळीस मिनिटं या दोन बोल्टांनी खाल्ली.

नवे नट आवळताना जोर लावू नका. चिनी माती दाब भरपूर सोसते, पण ताण सोसत नाही. जास्त आवळलं तर भोकापासून तडा जातो आणि मग पूर्ण कमोड बदलावा लागतो. रबरी वॉशर विसरू नका, कारण बोल्टचा दाब तोच पसरवतो. हाताने घट्ट बसेल तितकं आवळायचं, वर पाव फेरा पुरे.

आठ दिवसांनी मी नट पुन्हा चाचपले, तर डावा सहज अर्धा फेरा फिरला. सतत दाबाखाली राहिलेलं रबर हळूहळू ढिलावतं, तेच झालं होतं. पुन्हा हाताने आवळला, तेव्हापासून सीट हललेली नाही.